हृदयासाठी बांगडा

माझं कोलेस्टेरॉल वाढल्याचं कळताच पुण्याच्या भाच्याने फोनवर आहार सांगितला: ओट्स, ऑलिव्ह तेल आणि सामन मासा. रत्नागिरीत बसून नॉर्वेचा मासा खायचा! डॉक्टरांना विचारलं, तर ते हसले. "काका, सामन कशाला? मिरकरवाड्याला बांगडा, तारली मिळते ना? त्यातही ओमेगा-३ भरपूर. आठवड्यातून दोनदा खा." पुढेही ते बरंच बोलले, पण माझं काम झालं होतं.

जेटीवर मी कोळणीला म्हणालो, "हृदयासाठी हवेत." ती म्हणाली, "हृदयाचं म्हायत नाय, गाबोळीचे हायत." दोन वाटे घेतले.

आता बांगडा म्हटला की रवा आला, रवा आला की तेल आलं. पण तळला नाही हो, तव्यावर भाजला. तेल तव्यात मावेल तेवढंच. सोबत सोलकढी, कारण मासा पचायला नको? नारळाच्या दुधातली चरबी बहुतेक सगळी संपृक्त, म्हणजे नेमकी एलडीएल वाढवणारी, आणि आगळ टिकतं ते मिठावर. हे बायकोने मोबाइलवरून वाचून दाखवलं तेव्हा मी दुसरी वाटी तोंडाला लावली होती.

"अहो, मासा हृदयासाठी आणि कढी कोणासाठी?"

"माशासाठी," मी म्हणालो.

जून उजाडला आणि मासेमारी बंद. ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटी बंदरात. पथ्य मोडायला नको म्हणून मी सुक्या बांगड्यावर आलो. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे चहाचा जेमतेम एक चमचा. खारवलेला बांगडा हा हिशेब सकाळच्या पेजेलाच गडबडवतो. बायकोने मग कुळथाची पिठी सुरू केली. कुळीथ म्हणजे प्रथिनं आणि तंतू. आजीच्या या जेवणाखाली कुठलाही आहारतज्ज्ञ डोळे मिटून सही करील. फक्त त्याने माझ्या पानाच्या कडेला बघू नये. तिथे तळलेले पापड, सांडगी मिरची आणि लोणचं असतं.

श्रावणात मासे सुटले. उपासाच्या साबुदाण्याबद्दल न बोललेलं बरं.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं, "तळलेलं बंद. उकडलेलं खा." गणपती तोंडावर आले होते. उकडीचे मोदक! तेलाचा थेंब नाही. आत नारळ आहे, पण तोही उकडलेलाच. वरून तुपाची धार सोडताना बायकोने हात आखडला, तेव्हा मी तिला नीट समजावलं: डॉक्टरांनी तळू नका म्हटलंय, ओतू नका नाही.