सूर्यास नम्र सूचना

हिवाळ्यात कळसूबाईच्या माथ्यावर पहाटे जमणाऱ्या हौशी निसर्गछायाचित्रकारांचा जाहीर सत्कार व्हायला हवा. मध्यरात्री बारी गावातून निघायचे, गारठलेल्या लोखंडी शिड्या चढायच्या, १,६४६ मीटरवर पोचायचे आणि तिथे नेमकी पूर्वेकडे पाठ करून उभे राहायचे, हे येरागबाळ्याचे काम नव्हे.

सूर्य मात्र सहकार्य करत नाही. तो एकदाच उगवतो, तोही घाईने. चिमटीत सूर्य धरल्याचा फोटो काढायला लागलेल्या रांगेत मागच्यांनी काय पाप केले आहे? तेव्हा शेवटच्या माणसाची चिमटी नीट जुळेपर्यंत सूर्याने क्षितिज सोडू नये, असा आदेश काढावा. केशरी रंग कमी पडल्यास काळजी नसावी. तो फोनमध्ये भरपूर असतो.

पश्चिमेला अलंग, मदन, कुलंग हे किल्ले उभे असतात. समोर असूनही त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, त्यामुळे तिघांनाही शांतता लाभते. मध्येच एखादी घार चौकटीत शिरते, ती नंतर पुसावी लागते. निसर्गछायाचित्रणात निसर्गाची ढवळाढवळ कुठवर खपवून घ्यायची?

घारीबरोबर मागची गर्दीही पुसली जाते आणि खाली ओळ येते: ‘फक्त मी आणि सह्याद्री.’ सगळ्यांचे फोटो शेजारी ठेवून पाहिले, तर त्या पहाटे प्रत्येक जण शिखरावर एकटाच होता, आणि इतरांच्या फोटोंनुसार तोही तिथे नव्हता.

चहावाल्याने मात्र सगळ्यांचे पैसे घेतले.