गैरहजर लोहास कारणे दाखवा नोटीस

प्रति,
श्री. लोह,
मु. पो. भूगर्भ (शाखा : मानवी रक्त)

विषय : नेमून दिलेल्या जागी विनापरवाना गैरहजर राहिल्याबाबत.

महोदय,

उपरोक्त विषयास अनुसरून आपणांस कळवण्यात येते की, २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के भारतीय बायकांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी भरलं. महाराष्ट्राचा आकडा ५४ टक्के. आधीच्या सर्वेक्षणात देशाचा आकडा ५३ होता. म्हणजे गाडी पुढे जायची ती मागे आली. हा सगळा ठपका आपल्या एकट्यावर ठेवता येत नाही, हे मान्य. बी-१२ आहे, फॉलिक अ‍ॅसिड आहे, गडचिरोली-नंदुरबारकडचा सिकलसेल आहे. तरी गैरहजरांची यादी वाचायला घेतली की पहिलं नाव आपलंच पुकारलं जातं. आणि आपली गैरहजेरी खुपते ती अशासाठी, की आपण काही दुर्मीळ नव्हे. पृथ्वीच्या वजनाचा जवळजवळ तिसरा हिस्सा आपला. कोकणचा जांभा आपल्यामुळे लाल, रेडीच्या खाणी आपल्या, सुरजागडचा डोंगर आपला. मेहरौलीच्या लोहस्तंभाच्या रूपाने तर सोळाशे वर्षं ऊन-पाऊस खात जवळपास न गंजता उभे आहात. माणसाला आपण लागता किती? सगळे मिळून तीन-चार ग्रॅम. एखाद्या खिळ्याइतकं काम, आणि तिथेच दांडी!

नोटीस काढण्यापूर्वी कार्यालयाने आपला हजेरीपट तपासला. तिथे पहिली पंचाईत झाली. भाकरीत आपण हजर, मटकीत हजर, मेथीत हजर. पोह्यांत तर पॉलिश केलेल्या तांदळापेक्षा जास्त हजर. मग गळती कुठे होते, ते पाहायला सकाळची एक बशी पुरे. पोहे होतात, वर कोथिंबीर पडते, लिंबाची फोड पिळली जाते. त्या लिंबातलं क जीवनसत्त्व आपल्याला विरघळलेलं ठेवतं आणि आतड्याचं दार चांगलंच किलकिलं करतं. आणि त्याच घडीला शेजारी वाफाळता चहा येतो. चहातली टॅनिनं आपल्याला धरून बसतात. जेवणासोबत घेतलेला चहा धान्य-भाजीतलं निम्म्याहून अधिक लोह वाया घालवू शकतो. एका हाताने दार उघडायचं, दुसऱ्या हाताने लावायचं, आणि पाहुणा आत का आला नाही म्हणून नोटीस काढायची. धान्याच्या कोंड्यातलं फायटेटही दार लावायचंच काम करतं, फक्त गाजावाजा न करता. मटकीला मोड आणले, नाचणीचं पीठ आंबवून आंबील केली, की ते बरंचसं मोडतं. मोड आणायची आणि आंबवायची चाल काही आहारशास्त्राची पुस्तकं वाचून पडलेली नाही.

आता कुणी म्हणेल, चहाला कशाला बदनाम करता? तोच चहा आणि तेच पोहे पुरुषांच्याही पोटात जातात, मग त्यांच्यात हा आकडा २५ टक्क्यांवरच का थांबतो? हरकत रास्त आहे, आणि खरी फोड तिथेच होते. आयोडीनचं प्रकरण सरळ तुटवड्याचं होतं. हिमालयाच्या पायथ्याच्या मातीत आयोडीनच कमी होतं. मिठात घातलं आणि गलगंड मागे हटला. आपलं प्रकरण तुटवड्याचं कमी आणि जमाखर्चाचं जास्त आहे. शरीर आपल्या बाबतीत कमालीचं चिक्कू. जुन्या तांबड्या पेशी मोडून रोज २० ते २५ मिलिग्रॅम लोह पुन्हा कामाला जुंपतं आणि बाहेरून फक्त एक-दोन मिलिग्रॅमची भर मागतं. नको असलेलं लोह मुद्दाम बाहेर टाकायची सोयच त्याच्याकडे नाही. जे जातं ते झडलेल्या पेशींतून आणि रक्तातून. हिशेबापुरतं धरू, की ताटात १५ मिलिग्रॅम आहे आणि त्यातलं शेकडा आठ आत शिरतं. जमा झाली १.२. पुरुषाचा रोजचा खर्च एकच्या आसपास, तो काठावर पास. बाईचा मूळ खर्च थोडा कमी, पण पाळीत ३०-४० मिलीलीटर रक्त जातं आणि दर मिलीलीटरमागे अर्धा मिलिग्रॅम लोह. महिन्यावर वाटलं तर तिचा रोजचा खर्च दीडच्या घरात. तूट ०.३, वर्षाला शंभराच्या वर. निकड दिसली की शरीर दार थोडं जास्त उघडतं, म्हणून सगळ्याच जणी खाटेला खिळत नाहीत. पण त्यात अंगावरून जास्त जात असेल, पाठोपाठची बाळंतपणं असतील (एका गरोदरपणाला सुमारे एक हजार मिलिग्रॅम लागतं), किंवा अनवाणी शेतात राबताना तळपायातून शिरलेले अंकुशकृमी आतड्याला चिकटून रोज रक्त पीत असतील, तर कोठार किती टिकणार? वर ताप नि संसर्ग आले, की यकृत हेप्सिडिन नावाचा रखवालदार पाठवून दार आणखी आवळतं. चहा एकटा कुणाला पांडुरोगी करत नाही. पण ज्या घागरीला भोक आहे, तिच्यात पाणी ओतणारा हात आखडता घेणं वेगळं.

दुसरी हरकत गुळाची. शेंगदाणे-गूळ खातोच की आम्ही! खावं, जरूर खावं. पण दहा ग्रॅमच्या खड्यात फार तर एखादा मिलिग्रॅम लोह, आणि त्यातलं शिरणार शेकडा आठ. पालकाचंही कौतुक पोपायपुरतं ठीक. शंभर ग्रॅममध्ये तीनेक मिलिग्रॅम, आणि तेही सहजासहजी हाती लागत नाही. लोखंडी कढईचं मात्र खरं आहे, फक्त आंबट आमटी तीत शिजली पाहिजे. कोरड्या तव्यावरच्या भाकरीला लोखंडाचा वास लागला तरी खूप. तिसरी हरकत नेहमीची : पूर्वीच्या बायका कुठे गोळ्या घेत होत्या? नव्हत्या घेत. त्यांचं हिमोग्लोबिनही कुणी मोजत नव्हतं, आणि बाळंतपणात गेलेल्या बाईच्या नावापुढे रक्त कमी होतं असं कुणी लिहीत नव्हतं. ज्या पंगतीत ती शेवटी बसे त्या पंगतीत पातेल्याच्या तळाशी काय उरे, हेही हजेरीपटावर येत नाही. मटण शिजलंच तर वाटे कुणाचे मोठे, हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. आणि मांसातलं लोह तर धान्यातल्यापेक्षा कितीतरी सहज शिरतं.

राहिली सरकारी गोळी. १९७० पासून ती वाटली जाते आहे. गरोदर बाईसाठी लाल, त्यात ६० मिलिग्रॅम लोह. दहा गोळ्यांच्या पट्टीतल्या तीन फोडलेल्या आणि सात तशाच, ही अशा पट्टीची ठरलेली दशा. पहिल्या दिवशी मळमळ, तिसऱ्या दिवशी काळी शौच, चौथ्या दिवशी कुणीतरी सांगतं की याने बाळ काळं होतं. बाळ होत नाही, शौच होते, आणि त्यात घाबरण्यासारखं काही नाही. पण हे सांगायला पट्टी देणाऱ्याला दोन मिनिटं हवीत. ज्या घरात गोळी नेमाने घेतली जाते, तिथेही ती कशाबरोबर गिळली जाते? सकाळच्या चहाबरोबर. तेवढाच गरम घोट, म्हणून.

सबब आपल्यावरील ठपका तूर्त मागे घेण्यात येत आहे. खुलाशाची गरज नाही; आपण हजर होता, असं दिसून आलं आहे.

आपला,
चौकशी अधिकारी

प्रत : चहाच्या पातेल्यास, जेवण होऊन तासभर उलटेपर्यंत गॅसवर चढू नये, या सूचनेसह.