बिनअंड्याचं भूत

हॅलोविनला, म्हणजे ३१ ऑक्टोबरला, अमेरिकेतल्या काही मराठी घरांत केकवर हाडं, कवट्या, रक्त सगळं चालतं. अंडं तेवढं चालत नाही. अडचण काहीच नाही. टंचाईच्या काळातला 'वॅकी केक' व्हिनेगर आणि खायच्या सोड्यावरच फुगतो. पांढरी मेरिंगची भुतंसुद्धा छोले उकडलेलं पाणी साखर घालून फेटलं की उभी राहतात.

सोवळं मोडतं ते सजावटीत. कोळ्याचं जाळं ओढायला मार्शमेलो वितळवतात. त्यातलं जिलेटिन जनावरांच्या कातडी-हाडांचं, बहुधा डुकराच्या. रक्ताचा लाल रंग कार्माइनचा असला, तर तो कोचिनियल किडे वाळवून काढलेला! २०११पासून तिथे वेष्टनावर हे नाव छापावंच लागतं.

पण 'एगलेस' एवढं ठळक दिसलं, की बारीक अक्षरं वाचतंय कोण? आजीही दुसरा तुकडा मागतात.