भुईकाट्याचा बळी

सटाण्यात ज्याला संगणकातलं थोडं कळतं, त्याला सगळं कळतं असं गाव धरून चालतं. मला थोडंच कळतं, पण ते मी कुणाला कळू दिलेलं नाही. याच भांडवलावर एका कांदा व्यापाऱ्याच्या खळ्यावर मी हिशेब लिहितो आणि भुईकाट्याचा संगणक सांभाळतो.

एका संध्याकाळी आवक कमी होती, हात रिकामे होते. विंडोजच्या सुरक्षेच्या पानावर पिवळा त्रिकोण दिसला: मेमरी इंटिग्रिटी बंद आहे. रिकामा माणूस आणि पिवळा त्रिकोण एकत्र येऊ नयेत. मी वाचायला बसलो.

वाचलं ते खरंच भारी होतं. 1982 सालच्या 80286 पासून इंटेलचा प्रोसेसर आपल्या कारभाराची चार वलयं मानतो. सगळ्यात आतल्या, रिंग झिरोत विंडोजचा गाभा, म्हणजे कर्नेल बसतो. आपले हिशेबाचे, गाण्यांचे, पत्त्यांचे प्रोग्राम बाहेर रिंग थ्रीत. मधली दोन वलयं बहुतेक ओसच असतात. घोळ असा की एखादा ड्रायव्हर आत गेला की तोही कर्नेलच्या बरोबरीने मालक. 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सदोष अपडेटमुळे जगभरातले सुमारे 85 लाख संगणक निळे पडले, ते रिंग झिरोत बसलेल्या अशाच एका ड्रायव्हरपायी. आणि तो ड्रायव्हर सुरक्षेचाच होता!

म्हणून प्रोसेसरवाल्यांनी कड्या वाढवत नेल्या. 2012 च्या सुमारास स्मेप आलं: बाहेरच्या प्रोग्रामच्या मेमरीतल्या पानावरचा कोड कर्नेलने चालवायचा नाही. मग स्मॅप: ती पानं विनापरवाना वाचायचीही नाहीत. मेमरी इंटिग्रिटी त्याहून पुढची. ती प्रोसेसरची व्हर्च्युअलायझेशनची सोय वापरून कर्नेलच्याही खाली एक देखरेख्या बसवते. कर्नेलच्या मेमरीतल्या ज्या पानावर लिहिता येतं, तिथून कोड चालणार नाही. जिथून कोड चालतो, तिथे लिहिता येणार नाही. आणि हा नियम मोडायची मुभा खुद्द कर्नेललाही नाही.

सटाणेकराला हे पचायला जड आहे. 1870-71 च्या दुष्काळात मामलेदार यशवंतराव भोसेकरांनी सरकारी खजिना रयतेला वाटला, म्हणून आम्ही त्यांना देवमामलेदार केलं, देऊळ बांधलं, मार्गशीर्षात यात्रा भरवतो. आणि इथे पहिलाच नियम असा, की खजिन्याची किल्ली मामलेदाराकडे ठेवायचीच नाही, मग तो देव का असेना.

तरी मी बटण दाबलं. नकार. व्हर्च्युअलायझेशन बंद होतं. बायोसमध्ये शिरलो, ते चालू केलं. पुन्हा दाबलं. पुन्हा नकार, पण या वेळी कारणासकट: एक ड्रायव्हर जुळत नाही. नाव म्हणजे नुसती इंग्रजी अक्षरं आणि आकडे, तारीख विंडोज एक्सपीच्या काळातली. असल्या जुन्या ड्रायव्हरांना एकाच पानावर लिहायची आणि तिथूनच कोड चालवायची खोड असते. मला घुसखोर सापडला होता. मी त्याला मुळासकट उपटला, संगणक पुन्हा सुरू केला आणि हिरव्या खुणेचा फोटो स्टेटसला ठेवला. खाली ‘सुरक्षित’ असंही लिहिलं.

सकाळी लिलाव आटोपून ट्रॅक्टर खळ्यावर आले. पहिली ट्रॉली काट्यावर चढली. काट्याच्या लाल आकड्यांत वजन दिसत होतं; माझ्या पडद्यावर शून्य. घुसखोर म्हणून उपटला तो भुईकाट्याच्या केबलचा ड्रायव्हर होता.

मी घाबरलो नाही. क्राउडस्ट्राइकच्या दिवशी आपल्या विमानतळांवर हाताने बोर्डिंग पास लिहून दिले होते. आपण पावत्या लिहू. लिहिल्याही. फक्त भरलं वजन एका वहीत आणि रिकामं दुसऱ्या वहीत गेल्याने एका ट्रॅक्टरचं रिकामं वजन पिकअपच्या नावावर पडलं. त्या पिकअपवाल्याकडे हिशेबाने उणे कांदे निघाले. म्हणजे कांदे विकून वर त्यानेच आम्हाला कांदे द्यायचे! असं भावाच्या बाबतीत अधूनमधून होतंच, वजनात पहिल्यांदाच होत होतं. ट्रॅक्टरवाल्याचे मात्र ट्रॉलीत मावणार नाहीत इतके कांदे झाले होते, आणि तो पावती घडी करून खिशात ठेवत होता.

आरडाओरडा ऐकून शेठ आले. मी त्यांना रिंग झिरो समजावून सांगू लागलो.

“काय शे तुना कॉम्प्युटरम्हा चोराले?” शेठनी विचारलं.

कपाटात ड्रायव्हरची जुनी सीडी मिळाली. ती चालवायला सीडीचा ड्राइव्ह नव्हता. शेजारच्या झेरॉक्सवाल्याकडून पेन ड्राइव्हवर उतरवून आणली. तर संगणक म्हणतो, हा ड्रायव्हर लोड करता येणार नाही. आदल्या रात्री मीच उभा केलेला पहारेकरी मलाच ओळखत नव्हता, आणि काम चोख करत होता. मेमरी इंटिग्रिटी बंद केली, काटा बोलू लागला. तोवर रांगेतल्या गाड्यांचे हॉर्न थकले होते.

संध्याकाळी शेठनी फर्मान काढलं: ॲडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड बदलायचा आणि नवा फक्त त्यांच्याकडे राहील, मी आपला साध्या खात्यातून पावत्या काढायच्या. मी मान डोलावली. पासवर्ड बदलतात कसा हे त्यांना येत नव्हतं, म्हणून तेही मलाच करून द्यावं लागलं.