तीनशे रकाने आणि एक चिरंजीव

ज्या घरात पावसाळी सहल लोणावळ्याला न्यायची की माळशेजला, यावरून दोन सख्ख्या भावांचं बोलणं बंद आहे, त्या घराच्या हाती शासनाने ऑप्शन फॉर्म दिला आहे. इंजिनिअरिंगच्या कॅप प्रवेशासाठी त्यात पसंतीक्रमाने ३०० पर्यंत पर्याय भरता येतात. मराठी माणसाला निवडीचं एवढं स्वातंत्र्य याआधी कोणी दिलं नव्हतं.

सुरुवात पेढ्यांनी होते. सीईटीचे ९२ येतात, आजी देवापुढे साखर ठेवते, बाबा कुटुंबाच्या ग्रुपवर ‘९२!’ एवढंच टाकतात आणि पुढे ‘पर्सेंटाइल’ लिहायचं सोयीस्करपणे राहून जातं. मग एखादा आगाऊ मावसभाऊ खुलासा करतो की ९२ म्हणजे शंभरातले ८ जण चिरंजीवांच्या पुढे. परीक्षेला चार लाख मुलं बसली असं धरलं, तर ३२ हजार. पेढ्यांचा दुसरा पुडा त्या दिवशी उघडला जात नाही.

त्याच रात्री गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ उतरवली जाते आणि काका पंचांग उघडावं तशा गांभीर्याने तिच्यावर बोट फिरवू लागतात. जीओपेनएच, जीओपेनएस, एलओपेनएच, टीएफडब्ल्यूएस. दीड तास एका रांगेवर आशा बांधल्यावर कळतं की सुरुवातीचा एल म्हणजे लेडीज.

दुसऱ्या दिवशी कौन्सेलर गाठला जातो. तो लॅपटॉपवर तीन रंगांचा तक्ता दाखवतो: ड्रीम, मॉडरेट, सेफ. ‘लिस्ट बॅलन्स्ड पाहिजे, साहेब,’ असं म्हणतो आणि फी सांगतो, तेव्हा बाबांचा बॅलन्स किंचित जातो. पण तोल साधायचा तो नातेवाइकांचा, हे त्या बिचाऱ्याला ठाऊक नसतं. १८५४ साली सुरू झालेलं पुण्याचं सीओईपी यादीत हवंच, कारण काकांना तिथे प्रवेश मिळाला नव्हता आणि तो हिशेब चिरंजीवांनी चुकता करायचा आहे. १८८७ चं व्हीजेटीआय हवं, कारण आत्या माटुंग्याला राहते. डब्याची सोय होईल. सांगलीचं वालचंद आजोबांच्या शब्दाखातर, कारण ‘तिकडे मुलं बिघडत नाहीत’. सेफ गटाची मात्र चिंता नाही. १९८३ साली वसंतदादांनी विनाअनुदानित कॉलेजांना दार उघडून दिलं, तेव्हापासून महाराष्ट्रात सेफचा तुटवडा पडलेला नाही.

ब्रँचवर आश्चर्यकारक एकमत असतं. कॉम्प्युटर. नाहीतर आयटी. तेही नाहीतर कॉम्प्युटर आणि कंसात एआय, किंवा कंसात डेटा सायन्स. हल्ली कॉलेजाची निम्मी प्रगती कंसातच होते. या चर्चेत चिरंजीव एकदाच बोलतात, ‘मला सिव्हिल आवडतं.’ क्षणभर शांतता पसरते. आई त्याला ताक आणून देते.

वास्तविक सिव्हिलचा कटऑफ कॉम्प्युटरपेक्षा बराच खाली असतो. म्हणजे मुलाला जे आवडतं तेच जरा बऱ्या कॉलेजात, कदाचित सरकारी फीमध्ये मिळण्याची शक्यता असते. हे काकांनाही पीडीएफमध्ये दिसतं. पण सोसायटीच्या गणपतीत चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी विचारलं तर सांगायचं काय, याचा रकाना पीडीएफमध्ये नाही.

राहता राहिलं ते यंत्र. ते अत्यंत सरळमार्गी आहे. गुणवत्ता यादीत चिरंजीवांचा नंबर आला, की ते त्यांचा फॉर्म वरून खाली वाचत जातं आणि जिथे त्यांना बसणारी जागा शिल्लक दिसेल ती पहिली जागा देऊन मोकळं होतं. वर न मिळणारी २० कॉलेजं लिहिली म्हणून एकविसाव्यावरचा हक्क जात नाही. तेव्हा जे जास्त आवडतं ते वर लिहावं आणि खाली भरपूर लिहावं, झालं. पण फुकट मिळालेल्या आणि चार ओळींत संपणाऱ्या नियमावर मराठी बापाचा विश्वास बसत नाही. नक्की आत काहीतरी मेख असणार.

‘मोठमोठी नावं वर टाकली तर सिस्टिमला वाटेल, मुलगा सिरियस नाही,’ बाबा म्हणतात. ‘आधी घरात एक सीट येऊ द्या. चांगल्या कॉलेजाचं पुढच्या राउंडला बघू.’ आणि ३०० रकान्यांच्या अगदी माथ्यावर, सीओईपीच्याही वर, ते एक सेफ कॉलेज स्वहस्ते बसवतात. कंसात एआय.

मेख असतेच, फक्त ती दुसरीकडे असते. २०२५-२६ पासून फेऱ्या चार झाल्या, आणि पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाची पसंती मिळाली तर ती सीट आपोआप गोठते. घ्या, नाहीतर पुढच्या फेऱ्यांना रामराम. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांतलं मिळालं तरी तेच, तिसरीत पहिल्या सहांतलं. पहिला रकाना म्हणजे तुमचं मनापासूनचं मागणं, असं ते भाबडं यंत्र धरून चालतं. ते नाही तिथे अक्कल लढवत नाही.

यादी लागते. चिरंजीवांना पहिल्याच फेरीत क्रमांक १ चं कॉलेज. बाबा हेल्पलाइनला फोन लावतात आणि ‘ते आम्ही नुसतं टाकून ठेवलं होतं हो’ हे वाक्य तीन वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघतात. पलीकडून नियम वाचून दाखवला जातो. उरलेल्या २९९ रकान्यांकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. काकांचा हिशेब आता त्यांच्या नातवावर गेला.

आनंद एकट्या कौन्सेलरला होतो, आणि तो खरा असतो. आठवड्याभरात चौकात फ्लेक्स लागतो: ‘आमच्या विद्यार्थ्याला पहिल्याच फेरीत पहिल्या पसंतीचं कॉलेज!’ फोटोतल्या चिरंजीवांच्या अंगावर ब्लेझर आहे. तो फोटोपुरता कौन्सेलरनेच दिला होता, बाह्या जरा लांब आहेत. खाली बारीक अक्षरांत लिहिलं आहे, ‘पुढच्या वर्षीची नोंदणी सुरू’, आणि चौथ्या मजल्यावरच्या वहिनींनी त्यांच्या मुलीचं नाव कालच देऊन टाकलं.