बेस हवा, बेसवाला नको

प्रति,
गाण्याखाली कुणाचं नाव छापायचं आणि कुणाचं गाळायचं हे ठरवणारे साहेब,
मुक्काम : आधी तबकडीचं कव्हर, मग कॅसेटचं कार्ड, हल्ली मोबाइलचं अ‍ॅप.

साष्टांग नमस्कार, वि. वि.

आपली प्रकृती ठणठणीत असणारच. देणं वहीत मांडलंच नाही की झोप छान लागते.

आमच्या बदलापूर गावात दर्दी लोक कमी नाहीत. संध्याकाळी स्टेशनवरून गावात येणाऱ्या रिक्षात एकदा बसून पाहा. मागच्या सीटच्या पाठीशी वूफर ठोकलेला असतो. पंचमचं, म्हणजे आर. डी. बर्मनचं, गाणं लागलं की ते आधी पाठीच्या मणक्याला कळतं, मग कानाला. रिक्षावाला आरशातून विचारतो, ‘‘काका, बेस कसा वाटतो?’’ गणपतीच्या मांडवात तेच, हळदीत तेच. बेस सगळ्यांना हवा. तो वाजवतो कोण, हे मात्र कुणी विचारत नाही, कारण आपण ते कुणाच्या डोळ्यांपुढे येऊच दिलं नाही. पंचमच्या चमूत टोनी वाझ बेस गिटार वाजवत. त्यांचं नाव कव्हरवर छापलं असतं तर शाई किती लागली असती, साहेब? पैशाची तरी?

पण आपला हिशोब बेसपुरता नाही. ‘शोले’त (1975) जय पायरीवर बसून माउथ ऑर्गन वाजवतो आणि समोरच्या विधवेसकट सगळं थिएटर हळवं होतं. तो वाजवला भानू गुप्तांनी. ‘आराधना’तल्या (1969) ‘रूप तेरा मस्ताना’मधला अ‍ॅकॉर्डियन केरसी लॉर्ड यांचा. आणि 1954 च्या ‘नागिन’ची बीन? तिच्यावर आमच्याकडे आजही वरातीत माणसं तोंडात रुमाल धरून डांबरी रस्त्यावर लोळतात. ती बीन नव्हतीच. कल्याणजींनी क्लॅव्हायोलिन नावाच्या विजेवरच्या पेटीवर आणि रवी यांनी हार्मोनियमवर ती उभी केली. पुढे दोघेही संगीतकार झाले, तेव्हा कुठे आपण त्यांची नावं ठळक छापलीत. वाद्य हातात असेपर्यंत निनावी, खाली ठेवलं की मान्यवर!

तीच धून आमच्याकडच्या बेंजो पार्टीची पोरं वाजवतात. त्यांच्या टी-शर्टच्या पाठीवर पार्टीचं नाव, ढोलावर नाव, टेम्पोवर नाव आणि खाली मोबाइल नंबर. सुपारी दोन तासांची, पण नाव चारी बाजूंनी. तुमच्या वातानुकूलित कचेरीला जे जमलं नाही, ते आमच्या पेंटरने ब्रशने करून दाखवलं.

आपण म्हणाल, रिवाजच तसा आहे. खरं आहे. घराण्याची परंपरा मोठी! 1949 साली ‘महल’मधल्या ‘आयेगा आनेवाला’च्या तबकडीवर आपण गायिका म्हणून ‘कामिनी’ छापलंत. कामिनी म्हणजे सिनेमातली नायिका. गळा लता मंगेशकरांचा आणि नाव एका काल्पनिक बाईचं. रेडिओवर श्रोत्यांच्या चौकशा सुरू झाल्या, तेव्हा खरं नाव बाहेर आलं. पुढे लताबाई भांडल्या आणि गायकांची त्या खड्ड्यातून सुटका झाली. वादक मात्र तिथेच राहिले. शिफ्टचे पैसे घेतले, वाद्य पेटीत घातलं, लोकल पकडली.

त्यात आमचे गोव्याचे शेजारी किती! सिंफनीचं शास्त्र शिकलेले, कागदावर स्वरलिपी उतरवणारे. शंकर-जयकिशनच्या गाण्यांमागे व्हायोलिनचा जो ताफा ऐकू येतो, त्याची मांडणी सेबॅस्टियन डिसोझांची. ट्रम्पेट वाजवणारे चिक चॉकलेट सी. रामचंद्रांच्या बरोबर. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस तर संगीतकार प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू. 1977 मध्ये ‘अमर अकबर अँथनी’त शिष्याने गुरूचं नाव गाण्यात घातलं आणि ते देशाला पाठ झालं. फक्त देशाला वाटतं, की ते अंड्यातून बाहेर पडणाऱ्या अमिताभचं नाव आहे. श्रेय द्यायला गाणं रचावं लागतं, इतका चोख बंदोबस्त आपण ठेवलात.

निराश होऊ नका, आपले भाऊबंद जगभर आहेत. अमेरिकेत डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीत जेम्स जेमर्सन उजव्या हाताच्या एका तर्जनीने बेस वाजवायचा. साठच्या दशकात कंपनीची गाणी त्या एका बोटावर नाचली, तबकडीवर नाव नाही. ते छापलं 1971 मध्ये, मार्व्हिन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’वर. 1983 मध्ये जेमर्सन वारला आणि रॉक अँड रोल हॉल ऑफ फेममध्ये त्याला जागा मिळाली 2000 साली. पिंडाला कावळा शिवायला सतरा वर्षं लागली.

आपल्याला कायद्याचीही साथ आहे. 2012 च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात कलाकाराला आपलं नाव मागण्याचा हक्क मिळाला. पण व्याख्येला एक शेपूट जोडलं : सिनेमात ज्याचं काम किरकोळ वा प्रासंगिक आहे आणि धंद्याच्या रिवाजाप्रमाणे ज्याचं नाव श्रेयनामावलीतसुद्धा येत नाही, त्याला या हक्कापुरतं कलाकार मानू नये. म्हणजे कलाकार नाही म्हणून नाव नाही आणि नाव नाही म्हणून कलाकार नाही. ही फुगडी सुचली कुणाला, त्याचा सत्कार करा!

आमच्या शेजारच्या उल्हासनगरची ‘मेड इन यूएसए’ म्हणून थट्टा होते. म्हणे, उल्हासनगर सिंधी असोसिएशन. माल नकली असेल, पण त्यावर कुणाचं तरी नाव असायचं. आपण अस्सल माल विकलात आणि करणाऱ्याचं नाव खरवडून काढलंत.

पूर्वी कॅसेटच्या कार्डावर जागा नव्हती, हे एकवेळ मानू. अ‍ॅपमध्ये काय अडचण आहे? तिथे नायकाचा फोटो मावतो, जाहिरात मावते, गाण्याचे सगळे शब्द मावतात. त्यांच्याखाली चार ओळी वाढवा : बेस अमुक, अ‍ॅकॉर्डियन तमुक, संयोजन फलाणे. जुन्या वादकांच्या मुलाखती आहेत, पुस्तकं आहेत, अजून काही जण हयात आहेत. विचारायला माणूस पाठवा. येण्याजाण्याचं भाडं आम्ही वर्गणी काढून देऊ.

कळावे, लोभ नव्हताच, वाढण्याचा प्रश्न नाही.

आपला,
बदलापूर गावातला एक श्रोता

ता. क. : नावं गाळण्याचा निर्णय नेमका कुणाचा, हे शोधायला गेलो तर त्या माणसाचंही नाव कुठे सापडत नाही. वादकांची नावं आपण गाळलीत, स्वतःचं मात्र नीट लपवलंत. उत्तर पाठवाल तर खाली सही करा.