वजन उतरवण्याचा लातूर पॅटर्न

वजन तर उतरवायचे आहे, पण चहा, जेवण, पाहुणचार आणि सोयरेधायरे यांतले काहीच सोडायचे नाही, अशा नांदेड-लातूरच्या उमेदवारांसाठी ही मार्गदर्शिका आहे. इतर जिल्ह्यांतील इच्छुकांनी ती आपापल्या जबाबदारीवर वाचावी. पुण्यात बिनसाखरेचा चहा मागितला की बिनसाखरेचा चहाच येतो, त्यामुळे तिथे मार्गदर्शनाची गरज पडत नाही.

अभ्यासक्रम बाहेरून मागवावा लागत नाही, तो घरचाच आहे. तेव्हा लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात शिकवणाऱ्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी नागपूरच्या डॉ. श्रीकांत जिचकारांच्या विचारांवरून तो बांधला आणि २०१८ च्या सुमारास तो महाराष्ट्रात घरोघर पोचला. कडकडून भूक लागते त्या दोन वेळा ओळखायच्या, दोनदाच जेवायचे, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटोपायचे आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालायचे. मधल्या वेळेत पाणी, पातळ ताक, बिनदुधाचा आणि बिनसाखरेचा चहा. खाल्ले की इन्सुलिन स्रवते, ते दिवसभर स्रवत राहिले तर शरीर साठवलेल्या चरबीला हात लावत नाही, असे त्यामागचे म्हणणे. उमेदवारांनी यातले ‘५५ मिनिटे’ तेवढे पाठ केले. ५५ मिनिटांत काय काय बसते यावर लातूरच्या मंगल कार्यालयांत जे संशोधन झाले, ते कुठल्याही वैद्यकीय महाविद्यालयाला झेपणारे नाही. त्याच काळात ऋजुता दिवेकरांचा दर दोन तासांनी थोडे थोडे खाण्याचा पंथही जोरात होता. ज्या घरात नवरा दीक्षितांचा आणि बायको दिवेकरांची, त्या घरात गॅस दिवसभर बंद होत नसे.

(मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणाच्या वेळा बदलू नयेत. हे वाक्य विनोदी नाही. साखर एकदम उतरली की माणूस खाली बसतो तो उठत नाही.)

पेपर पहिला : चहा

बहुतेक उमेदवार इथेच राहतात, म्हणून या पेपरला जास्त वेळ द्यावा.

आधी हिशेब. एका कपात दोन लहान चमचे साखर धरली तर ती आठ ते दहा ग्रॅम भरते. एका ग्रॅमच्या चार कॅलरी. दिवसाकाठी सहा चहा झाले, आणि कचेरीत एका सहीसाठी गेले तरी तीन होतात, की दोनशे-सव्वादोनशे कॅलरी निव्वळ साखरेच्या झाल्या. सत्तर किलोचा माणूस साडेचार किलोमीटर झपाझप चालला की साधारण तेवढ्याच जळतात. म्हणजे लातूरच्या नाना-नानी पार्कात किंवा नांदेडच्या विसाव्यात पहाटे घाम गाळून उमेदवाराने फक्त चहाची उधारी फेडलेली असते. दूध आणि बिस्किटे खात्यावर तशीच राहतात.

तेव्हा साखर सोडावी. पण टपरीवर मोठ्याने ‘बिनसाखरेचा’ म्हणू नये. तसे म्हटले की चहावाल्याचा हात थांबतो. “काय ओ सर, शुगर निघाली का?” बाकड्यावरचे चौघे मान वळवतात. तुम्ही नाही म्हणालात तर दुसरा प्रश्न तयार असतो : “मग प्या की ओ, काय होऊ लालंय एवढ्यानं!” आपल्याकडे बिनसाखरेचा चहा हा रोग्याचा हक्क आहे, धडधाकट माणसाला तो मिळत नाही. म्हणून अनुभवी उमेदवार आवाज थोडा खाली आणून “बॉर्डरवर आहे” एवढेच सांगतात. कुठली बॉर्डर हे कोणी विचारत नाही. चहा लगेच बिनसाखरेचा मिळतो. तोटा इतकाच, की संध्याकाळपर्यंत बातमी सासरवाडीला पोचते, रात्री मेव्हण्याचा फोन येतो आणि दुसऱ्या दिवशी जांभळाच्या बियांची पूड, मेथ्या आणि कारल्याचा रस हे सगळे एसटीच्या पार्सलने दाखल होते.

पाहुण्यांच्या घरचा चहा वेगळा. तिथे बॉर्डरही चालत नाही. “थोडीच टाकलीय भाऊजी, नुसती नावाला,” असे म्हणून कप पुढे येतो, आणि त्या नावाला दीड चमचा लागतो. ज्या घरात चहा फिका झाला त्या घराची इज्जत गेली, ही समजूत हैदराबादच्या राज्यापासूनची असावी. १७ सप्टेंबर १९४८ ला निजामाची राजवट गेली, चहातली साखर गेली नाही. इथे हुज्जत घालून उपयोग नाही. अर्धा कप पिऊन उरलेला हातात धरून बोलत राहावे आणि निघताना तो पायरीवर विसरावा.

नांदेडला आलेल्या उमेदवाराने गुरुद्वाऱ्यात कडा प्रसादाचा हिशेब मांडू नये. कणीक, तूप आणि साखर तिन्ही समसमान असतात हे खरे. पण दोन्ही हातांची ओंजळ पुढे केल्यावर कॅलरी आठवणारा माणूस वजनापेक्षा मोठ्या अडचणीत आहे असे समजावे. प्रसाद मूठभरच असतो. बाहेर आल्यावर जे लस्सीचे ग्लास रिचवले जातात, ते प्रसादात धरू नयेत.

आता गुळाचा चहा. ‘येथे गुळाचा चहा मिळेल’ अशी पाटी नांदेडच्या वजिराबादपासून लातूरच्या नंदी स्टॉपपर्यंत सापडते आणि तिच्याखाली डाएटवरचे लोक रांगेत उभे असतात. शंभर ग्रॅम साखरेत चारशेच्या जवळपास कॅलरी, तर शंभर ग्रॅम गुळात तीनशेऐंशीच्या. म्हणजे वीस कॅलरींची सूट मिळवण्यासाठी शंभर ग्रॅम गूळ खावा लागतो. पण गूळवाल्या उमेदवाराला हे सांगू नये. तो लोह, आयुर्वेद आणि आजोबा असे तिन्ही पुरावे एकदम काढतो. आजोबा गुळाचा खडा खाऊन औतामागे दिवसभर चालत, हा भाग तो वगळतो.

पेपर दुसरा : गोळी

इतके करूनही जीभ ऐकत नसेल तर खिशात पांढऱ्या डबीतली गोळी ठेवावी. अंगठ्याने टक् करून गोळी कपात पाडताना आसपासच्यांकडे एकदा बघून घ्यावे. वजन उतरो न उतरो, भारदस्तपणा लगेच वाढतो.

या गोळीचा इतिहास उमेदवाराला धीर देणारा आहे. १८७९ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात काम करणारा कॉन्स्टंटिन फालबर्ग हात न धुता जेवायला बसला, पाव गोड लागला आणि सॅकरिन सापडले. १९६५ मध्ये जेम्स श्लॅटरने कागद उचलायला बोट चाटले आणि अॅस्पार्टेम सापडले. १९७६ मध्ये लंडनच्या क्वीन एलिझाबेथ कॉलेजात प्रा. लेस्ली हफ यांनी शशिकांत फडणीस या तरुण संशोधकाला एक पदार्थ तपासून बघायला सांगितले. सांगणे इंग्रजीत असल्याने फडणीसांना ते चाखून बघ असे ऐकू आले आणि त्यांनी खरोखर चाखला. तो निघाला सुक्रालोज, साखरेच्या सहाशे पट गोड. प्रयोगशाळेत काहीही तोंडात घालू नये हा पहिला नियम, आणि तो मोडल्यामुळे हे सगळे शोध लागले. समोर आलेली वस्तू तोंडात गेलीच पाहिजे, हा आपला दोष शास्त्रज्ञांतही आहे आणि त्यांच्या तो कामी आला. आपल्या येत नाही, एवढाच फरक.

गोळी वापरण्याचे नियम थोडेच आहेत. अॅस्पार्टेमची गोळी पातेल्यात टाकून चहा उकळू नये. उष्णतेने अॅस्पार्टेमचे विघटन होते आणि गोडी जाते. चहा कपात गाळल्यावर टाकावी. सुक्रालोज उष्णता सोसते. फिनाइलकीटोनुरिया हा जन्मजात आजार असलेल्यांनी अॅस्पार्टेम टाळावे, तशी सूचना डबीवर असते. जुलै २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने अॅस्पार्टेमला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकले, तेव्हा ग्रुपवर हाहाकार उडाला. त्याच दिवशी दुसऱ्या समितीने किलोमागे ४० मिलीग्रॅम ही रोजची मर्यादा होती तशीच ठेवली. सत्तर किलोच्या माणसाला ती ओलांडायला दिवसात डाएट सोड्याचे नऊ ते चौदा कॅन प्यावे लागतात. एवढे पैसे असलेला उमेदवार लातुरात सापडेल, पण तो ते सोड्यावर घालवणार नाही.

खरी बातमी त्याआधीची, मे २०२३ ची होती, आणि ती कोणी फॉरवर्ड केली नाही. वजन आटोक्यात ठेवण्यासाठी साखरेच्या या पर्यायांचा वापर करू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. आधीपासून मधुमेह असलेल्यांना ही शिफारस लागू नाही. थोड्या महिन्यांच्या प्रयोगांत साखरेऐवजी गोळी घेणाऱ्यांचे वजन थोडे उतरलेले दिसते, मात्र वर्षानुवर्षे ज्यांच्यावर नजर ठेवली त्यांच्यात तो फायदा दिसत नाही, उलट मधुमेह आणि हृदयविकार जास्त दिसतात. आता गोळीमुळे तसे झाले, की आधीच वजन वाढलेली माणसेच गोळीकडे वळतात, हा गुंता सुटलेला नाही. म्हणून संघटनेने शिफारस सशर्त ठेवली. डॉ. दीक्षितांच्या मधल्या वेळेच्या यादीतही गोळी नाही. ‘सर, गोळी चालते का’ हा प्रश्न मात्र डाएटवरच्या कुठल्याही कार्यक्रमात पहिला येतो.

आमचे स्वतःचे मत विचाराल तर गोळीत दोष नाही, गोळी टाकल्यावर उमेदवाराचे जे धैर्य वाढते त्यात आहे. कपातल्या चाळीस कॅलरी वाचल्या की त्या कुठेतरी खर्च केल्याशिवाय त्याला चैन पडत नाही. दिवाळीत तो ‘शुगर फ्री’ काजूकतली किलोने आणतो. साखर नसली तरी काजू आणि तूप आपापल्या जागी असतात. एरवी तो दोन वड्या खाई, आता सहा खातो, कारण आता पथ्यच पाळायचे आहे.

पेपर तिसरा : काळी कॉफी

काळ्या कॉफीच्या कपात दोन-तीन कॅलरी असतात. त्यात काहीच घातले नाही तर. आपल्याकडे हे ‘तर’ फार अवघड आहे. टपरीवर ब्लॅक कॉफी मागितली की पुडी फोडून गरम पाण्यात टाकतात आणि विचारायच्या आत वर तीन चमचे साखर, “कडू लागते ओ नुसती.” लग्नात मशीनची कॉफी असते. ती फुसफुसते, वर फेस येतो, फेसावर चॉकलेटची पूड भुरभुरतात. “मी जेवणार नाही, डाएट आहे, नुसती कॉफी घेतो,” असे म्हणणारा काका याच मशीनपाशी तीनदा दिसतो.

लातूरच्या उद्योग भवन परिसरातल्या ‘नीट’ परीक्षेच्या पोरांसाठी वेगळी सूचना. तुमची कोल्ड कॉफी म्हणजे दूध, साखर, आइस्क्रीम आणि ग्लासाला आतून ओढलेल्या चॉकलेटच्या रेघा. तिला कॉफी म्हणणे ही सवलत आहे. खरी कॉफी प्यालात तरी रात्री नऊच्या कपातले निम्मे कॅफिन दोन वाजेपर्यंत अंगात असते. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते, आणि मेसच्या पोळ्या मोजायला कोणी नसते.

पेपर चौथा : डाएट सोडा

हा पेपर सोपा आहे. अडीचशे मिलीलिटर साध्या कोल्यात पंचवीसेक ग्रॅम साखर असते, झीरोत नसते. रोज कोला पिणाऱ्याने झीरो घेतली तर शंभर कॅलरी वाचल्या, हे प्रामाणिकपणे मान्य करावे. पण पाणी त्याहून स्वस्त आहे. शिवाय आपल्याकडे झीरो नुसती कोणी पीत नाही. नांदेडला देगलूर नाक्याकडे रात्री बिर्याणीची दुसरी प्लेट सांगून झाल्यावर वेटरला “झीरोवाली है क्या?” असे विचारतात. नसते. “ठंडा थम्सअप है साहब.” चालते.

तोंडी परीक्षा : येळवस

येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. त्या दिवशी लातूर शहर ओस पडते, सगळे शेतात असतात. भज्जी, उंडे, गव्हाची खीर, खिचडा, माठातली आंबील. आपल्या शेतात बसून झाले की शेजारच्या शेतातून हाक येते आणि तिथे नाही म्हणायची सोय नसते. ५५ मिनिटांची मोजणी कुठल्या शेतापासून धरायची यावर उमेदवारांत मतभेद आहेत. काहींच्या मते प्रत्येक शेताला स्वतंत्र ५५ मिनिटे मिळतात. खिरीची तिसरी वाटी झाल्यावर काळ्या चहात गोळी टाकणारेही पाहण्यात आहेत. त्यांना कोणी हसू नये, ते नियमाने वागतात.

निकाल

वजन पंधरा दिवसांनी, पहाटे, एकाच काट्यावर करावे. चप्पल, किल्ल्या, मोबाईल आणि पाकीट आधी काढून ठेवावे. काहीजण चष्माही काढतात, पण मग आकडा दिसत नाही.

आकडा उतरला नसेल तर काटा खराब आहे असे जाहीर करावे. याला आपल्या भागात परंपरेचा आधार आहे. गाळप हंगामात कारखान्याच्या काट्यावर ऊस कमी भरतो म्हणून आरडाओरडा करणारा शेतकरीच मेडिकलच्या काट्यावर आपण जास्त भरतो म्हणून हुज्जत घालताना दिसतो, आणि दोन्हीकडे त्याला पाठिंबा द्यायला माणसे जमतात. मेडिकलवाला ऐकत नसेल तर पुढच्या मेडिकलवर जाऊन फेरमोजणी करावी. औसा रोडला मेडिकल बरीच आहेत. मधे एक हॉटेल लागते, तिथे थांबू नये. थांबलाच तर मोजणी दुसऱ्या दिवशी ठेवावी.